गोळीला गुडघा कसा सापडतो?

‘‘ताई, एक सांग. मन्हा दुखस गुडघा. गोयी मी टाकस तोंडमा. मंग तिले कसं कयस, गुडघा कोठे शे ते?’’

मिरची खुडणाऱ्या दगूबाईने हा प्रश्न विचारला तेव्हा दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. फार्मसीच्या परीक्षेत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिथे प्रश्न अवघड भाषेत यायचा आणि उत्तर त्याहून अवघड भाषेत लिहिलं की मार्क मिळायचे. दगूबाईपुढे तसलं काही चालत नाही. तिला कळलं नाही तर ती सरळ म्हणते, ‘‘तुले बी ठाव नही, आसं सांग ना.’’

नंदुरबारला मिरचीच्या पथारींकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधाचं दुकान. आता तिथे सून बसते आणि मी सूचना द्यायला जाते. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. हंगामात तिथे ओली लाल मिरची वाळायला पसरतात आणि बायकांच्या टोळ्या दिवसभर मांडी घालून तिचे देठ खुडतात. वारा आमच्या बाजूने सुटला की सगळं दुकान शिंकायला लागायचं. सर्दीचं औषध मागणाऱ्याला मी आधी विचारायची, शिंका घरी येतात की इथे उभं राहिल्यावर? निम्मे लोक काही न घेता परत जायचे. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, अशाने दुकान चालत नसतं. दुकान चाललं.

सर्वांत जास्त खप दुखण्यावरच्या औषधांचा. आमच्याकडे दुखण्याला तोटा नाही. कापसाने कंबर जाते, उसाने खांदे जातात, मिरचीपुढे बसून गुडघे. बाहेरच्या माणसाला वाटतं, गोळी म्हणजे गोळी. पण एकच औषध किती सोंगं घेऊन येतं, ते आमच्या धंद्यात कळतं. साधी गोळी असते. पोटात न विरघळता पुढे आतड्यात जाऊन विरघळणारी, वरून कवच चढवलेली गोळी असते. दिवसभर थोडी थोडी सुटणारी असते, पाण्यात टाकून फसफसवायची असते. मलम, सुई, अंगाला चिकटवायची पट्टी. शिवाय एक अशी असते, जी कुठून घ्यायची ते भर गर्दीत सांगताना मी इतक्या वर्षांनीही आवाज खाली आणते.

या प्रत्येक सोंगामागे कुणातरी हुशार माणसाने डोकं चालवलेलं आहे. आणि आमची गिऱ्हाइकं त्याहून हुशार.

फसफसणाऱ्या गोळीचं ऐका. शहाद्याकडचे एक केळीवाले बागायतदार होते, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोलणं जरबेचं. मी त्यांना सांगायला लागले, ही पेलाभर पाण्यात टाकून... तर म्हणाले, ‘‘ओ बाई, मी काय पहिल्यांदा गोयी खाई ऱ्हायनू का?’’ आणि तिथेच गोळी जिभेवर ठेवून वर बाटलीतून घोट घेतला. पुढे जे झालं ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. तोंडातून फेस, नाकातून फेस, डोळे वटारलेले, आणि बोलता येत नाही. कुणीतरी ओरडलं, मिरगी! लगेच एकाने पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली, दुसरा कांदा आणायला धावला. मी काउंटरवरून ओरडत होते, अहो, गोळी आहे, गोळी आहे! चप्पल लावणारा म्हणाला, ‘‘गोयी मंग दिजे. पहिले शुद्धीवर येऊ द्या.’’ बागायतदार शुद्धीवरच होते, तेच तर दुःख. त्यानंतर त्यांची औषधं न्यायला त्यांचा ड्रायव्हर यायचा.

दुसरे एक आप्पा एक दिवस कागदाची पुडी घेऊन आले. आत एक गोळी, स्वच्छ धुतलेली. म्हणाले, ‘‘ही तुमनी गोयी. जशी गयी तशीच उनी.’’ क्षणभर मला अर्थ लागेना. लागला तेव्हा मी पुडी हातातून खाली ठेवली. हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्यांचं असं होतं. औषध आत झिरपून जातं आणि रिकामं टरफल तेवढं बाहेर पडतं. मी समजावलं, आप्पा, गाळणीत चहापत्ती उरते, म्हणून चहा झालाच नाही असं म्हणता का? आप्पांना ते पटलं. गुडघा थांबला का, विचारलं तर म्हणाले, ‘‘हां, थांबना तं.’’ मग तक्रार कशाची? ‘‘तक्रार नही. गोयी धुतेल शे, दुसरा कोनले तरी देता ई.’’

आणि ती नाव न घेण्यासारखी गोळी एका गृहस्थांनी गुळाबरोबर खाल्ली. बायकोने त्यांना नीट सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, डॉक्टर शिकलेला माणूस, तो असलं काही सांगणारच नाही. बरं, त्यांची कंबर थांबली, त्यामुळे मला पुढे बोलायला तोंडच राहिलं नाही.

तर दगूबाईचा प्रश्न. मी तिला सांगितलं, गोळीला गुडघा सापडत नाही. तिला काहीच सापडत नाही. ती पोटातून आतड्यात जाते, तिथून रक्तात उतरते, आणि रक्त तिला सगळ्यांत आधी यकृताकडे नेतं. यकृत म्हणजे अंगातला जकात नाका. तिथे बरीचशी गोळी मोडीत निघते. उरलेली रक्ताबरोबर फिरते: डोक्यात जाते, करंगळीत जाते, जाता जाता गुडघ्यातही जाते. आणि शेवटी मूत्रपिंडं तिला गाळून बाहेर काढतात.

‘‘गावमा दवंडी पिटतस ना,’’ मी म्हणाले, ‘‘काम एकनं ऱ्हास, आयकनं पडस समदासले.’’

दगूबाईने विचार केला. ‘‘म्हंजे एक गुडघासाठे समदा अंगले जागं करस ती?’’

‘‘जागं नही. निजाडस. आनि पोटनी राखन करणारा शे ना, त्याले बी निजाडस.’’

हे मात्र अगदी खरं. दुखण्याची बोंब ठोकणारं जे रसायन अंगात तयार होतं, त्याच्याच जातीचं रसायन पोटाच्या आतल्या अस्तराला सांभाळत असतं. या गोळ्या दोघांनाही एकाच काठीने हाणतात. म्हणून तर उपाशीपोटी घेऊ नका, जास्त दिवस घेऊ नका, असं मी घसा कोरडा होईस्तोवर सांगायची. आणि दगूबाई नेमकं तेच करायची. नुसती करायची नाही, करवून घ्यायची.

ती टोळीची मुकादमीण. पथारीवर काम सुरू होण्याआधी कोरा चहा व्हायचा. बायका ओळीने बसायच्या आणि दगूबाई प्रत्येकीच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत जायची. कुणाचं काही दुखत असो, नसो. दुखण्याआधीच दुखणं मारून टाकायचं, असं तिचं शास्त्र. गोळ्या माझ्याकडच्या नव्हेत, मी चिठ्ठीशिवाय देत नसे. त्या कुठल्याशा किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी सुट्या मिळत. चहा-गोळी हा तिथला रिवाजच होता. एखाद्या नव्या बाईला गोळी मिळाली नाही तर ती रुसून बसायची, मी काय परकी शे का म्हणून.

मी एकदा पथारीवर जाऊन भाषण दिलं. आधी भाकरी खा, मग गरज असेल तर गोळी, आणि तीही डॉक्टरला विचारून. दगूबाई म्हणाली, ‘‘भाकर खाई तं झोप येस. गोयी खाई तं काम व्हस.’’ बाकीच्यांनी भाषण मन लावून ऐकलं आणि संपल्यावर विचारलं, ताई, पोटासाठी पण अशीच गोळी असते का, चहाबरोबर घ्यायची?

त्या हंगामात दगूबाई जळजळीच्या गुलाबी औषधाची बाटली वारंवार न्यायला लागली. पाहुण्यांसाठी, म्हणायची. हिच्याकडे इतके पाहुणे येतात आणि सगळ्यांनाच जळजळ होते, हे मला पटत नव्हतं. मग एक दिवस ती आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. बोलता बोलता तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. रक्त कमी झालं असेल असं मनात आलं आणि मी तिचा हात ओढून तळवा बघितला. लालभडक. डोळ्याची खालची पापणी खाली ओढून बघितली. तीही लाल. मग माझं मलाच कळलं, की ही बाई जन्मभर मिरचीत हात घालून बसलेली. हिचे तळवे आणि डोळे लालच असणार, आत रक्त असो नसो.

‘‘जीभ काढ,’’ मी म्हणाले.

तिने काढली. खडूसारखी पांढरी.

‘‘संडासले कशी व्हस?’’ मी भर दुकानात विचारलं.

‘‘कायी. डांबरसारखी.’’

‘‘कव्हयपासून?’’

‘‘दिवाळी व्हयनी तव्हयपासून. मी कोरा चहा पेस ना, काया. मंग कायंच पडी.’’

दुकानात हशा पिकला. दगूबाईसुद्धा हसली. मी हसले नाही, मला भीती वाटली. पोटात जखम होऊन रक्त झिरपत राहिलं की ते आतड्यातून जाताना असंच काळं होतं. मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल, आत कुठेतरी रक्त चाललंय.

‘‘हंगाम सरू दे,’’ ती म्हणाली.

‘‘हंगामना पहिले तू सरशी!’’

‘‘मंग गोणपाटवर कोन बठी?’’

इथे गोणपाटाचं सांगितलं पाहिजे. पथारीवर प्रत्येक टोळीची जागा ठरलेली, आणि त्या जागेवर मुकादमिणीचं गोणपाट. खुडलेल्या मिरचीच्या वजनाला माणूस येतो तेव्हा गोणपाट रिकामं दिसलं तर जागा दुसऱ्या टोळीला गेली. बाकीच्यांनी मंत्र्यासंत्र्यांच्या खुर्च्यांच्या गप्पा माराव्यात. मी गोणपाटासाठी झिंज्या ओढलेल्या पाहिल्यात.

‘‘एस्तेरले बसाड,’’ मी म्हणाले. एस्तेर तिच्या मागेच उभी होती. नवापूरकडच्या डोंगरातली, टोळीत दगूबाईच्या खालोखाल तीच. घरी ती मावची बोलायची, पथारीवर अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना शाळेच्या पुस्तकातली शुद्ध मराठी.

‘‘हिले? ही बठनी तं उठाव नही.’’

‘‘बरोबर आहे, मॅडम,’’ एस्तेर शांतपणे म्हणाली. ‘‘मी उठणार नाही.’’

आता काय करावं? ही बाई माझ्या डोळ्यांसमोर पांढरी पडत चाललेली, आणि एका गोणपाटासाठी जीव द्यायला तयार. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मी बठसू.’’

दगूबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाजारात बकरी बघतात तसं.

‘‘तुले देठ खुडता येस?’’

‘‘नही.’’

‘‘मंग चाली. तू जागा लेवाव नही.’’

मी यांना फोन करून बोलावलं. हे दगूबाईला जरा वचकून असतात, पण रिक्षा घेऊन आले. जाताना ती रिक्षातूनही सूचना देत होती. मी दुकानाचं शटर ओढलं. कामाच्या दिवशी मी दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं.

पथारीवर चहा झालेला होता. मी गोणपाटावर बसले आणि बायकांनी नेहमीप्रमाणे तळहात पुढे केले. गोळ्यांची पिशवी नेमकी माझ्याच बुडाखाली होती. मी म्हणाले, आज गोळी नाही, आधी फडकी सोडून भाकरी खा. एकमेकींकडे बघत, नाकं मुरडत त्यांनी भाकरी खाल्ली. मग काम सुरू झालं आणि माझी शोभा सुरू झाली.

मी दोन मास्क लावले होते. काही उपयोग झाला नाही. शिंका, ठसका, डोळ्यांतून धारा. हाताने डोळे पुसले आणि मग तर किंचाळलेच. बायकांची हसून मुरकुंडी वळली. त्या दोन बोटांत देठ धरून टचकन खुडत होत्या आणि मी मिरचीशी कुस्ती खेळत होते. वजनाचा माणूस आला, माझ्याकडे बघून थांबला. ‘‘मॅडम, तुम्ही?’’ मी दगूबाईचा आवाज काढून म्हणाले, ‘‘जागा भरेल शे. पुढे चाल.’’ तो पुढे गेला, पुन्हा मागे आला आणि हळूच विचारलं, पित्तावर काही आहे का?

दुपारी यांचा फोन आला. दगूबाईला ठेवून घेतलंय, पोटात जखम आहे, रक्त चढवायला घेतलंय. डॉक्टर म्हणाले, इतकं कमी रक्त घेऊन ही चालत आली कशी? अजून काही दिवस काढले असते तर हाती लागली नसती. ‘‘आणि ती विचारतेय,’’ हे म्हणाले, ‘‘गोणपाटावर कोण आहे.’’

मी बायकांना सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले. सकाळपासून मला हसणाऱ्या त्या बायका, त्यातली एक तोंडाला पदर लावून रडायला लागली. एस्तेरने माझ्या गोणपाटाखाली हात घालून गोळ्यांची पिशवी ओढून काढली. पिशवी तिने फेकली नाही. पदरात बांधून घेतली.

संध्याकाळी काम सुटलं आणि मला उठता येईना. गुडघे मिटलेले, ते उघडेचनात. कंबरेत जे काही चाललं होतं त्याला नाव नव्हतं. दोघींनी दोन बाजूंनी धरून मला उभं केलं आणि मी, जिने तिथे भाषण दिलं होतं, जिने सकाळी कुणाला गोळी मिळू दिली नाही, ती मी म्हणाले, ‘‘गोळी आहे का गं कुणाकडे?’’

मग असा हशा उठला की शेजारच्या पथारीवरच्या बाया उठून बघायला आल्या.

‘‘मॅडम,’’ एस्तेर म्हणाली, ‘‘आधी भाकरी खा.’’

कुणीतरी उरलेली चतकोर दिली, वर ठेचा. दिवसभर मिरचीत बसल्यावर पुन्हा ठेचा! मी रडत रडत खाल्ला. मग एस्तेरने पदराची गाठ सोडून एक गोळी माझ्या हातावर ठेवली. मला सगळं माहीत होतं: ती कुठून कुठे जाते, कुणाला निजवते, कुठे मोडीत निघते. एकीने काय होतंय, असं म्हणून मी ती गिळली. इतकी वर्षं काउंटरपलीकडून हेच वाक्य ऐकून मी चिडायची. रागावण्याआधी प्रत्येक औषधवाल्याने एक दिवस देठ खुडावेत, असं आता माझं मत झालंय.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठू शकले नाही. दवाखान्यातून दगूबाईने यांच्या फोनवरून एस्तेरला बोलावून घेतलं आणि आपण परतलो की गोणपाटावरून उठायचं, असं बायबलवर हात ठेवून वचन दे म्हणाली. एस्तेरने दिलं. तोपर्यंत ती गोणपाटावर बसली, आणि रोज आधी भाकरी, मग चहा, असं तिने ठरवून टाकलं. गोळी पुरती बंद झाली असं मी म्हणणार नाही. ज्यांना घ्यायची त्या लपवून घेतात. पण लपवून घ्यावी लागते, हे काय थोडं झालं?

दगूबाई सुटून आली ती घरी न जाता आधी माझ्या दुकानात. अंगावर मांस नव्हतं, पण जिभेला रंग आलेला. मी आधी जीभच बघितली. बाकावर बसून तिने सौदा सुरू केला.

‘‘डॉक्टर म्हने, ती गोयी जलमभर बंद. मंग सुई दे.’’

‘‘सुई बी नही.’’

‘‘ती खालनी?’’

‘‘ती बी नही. कोठेनही घाला, जास ती रगतमाच. पोटले धोका तोच.’’

दुसऱ्या जातीची ताप-दुखीची साधी गोळी डॉक्टरांनी मापात लिहून दिली होती, ती मी दिली. माप चुकलं तर यकृत रुसेल, हे दोनदा बजावलं. वर एक मलम त्यांनी सांगितलं होतं, मिरचीच्या अर्काचं. मिरचीचा तिखटपणा त्वचेतल्या दुखण्याच्या नसांना चेतवून चेतवून दमवतो, असं त्याचं काम. दगूबाईने नळी उघडून हुंगली.

‘‘यामा मिरची शे?’’

‘‘शे.’’

‘‘जलमभर मी मिरचीमा बठनी, तव्हय नही व्हयना बरा गुडघा?’’

याचं उत्तर कंपनीने नळीवर छापलेलं नाही.

तिने नळीचं टोपण लावलं. रस्त्यापलीकडे पथारी दिसत होती. एकदम म्हणाली, ‘‘ताई, मंग दुखी तव्हय मी काय करू?’’

सवयीने माझी नजर मागच्या फळ्यांकडे गेली. गोळ्या, सुया, पट्ट्या, मलमं, सगळी सोंगं रांगेने उभी. तिच्या कामाचं त्यात आता फार काही नव्हतं. मी आयुष्यभर काउंटरपलीकडच्या माणसाला काही ना काही हातात देऊनच पाठवलं. त्या दिवशी मी खरं ते सांगितलं.

‘‘दुखी, दगूबाई. थोडं थोडं दुखीच.’’

मला वाटलं ती चिडेल. तिने मान हलवली.

‘‘दुखू दे. दुखासंगे मन्ही जुनी वळख शे. दवाखानामा दुसराच कोनी मले लेवाले उना व्हता, तो मले नही आवडना.’’

तिने मलमाची नळी पोलक्यात खोचली, गुडघ्यावर हात टेकून ‘माय वं’ म्हणत उठली आणि रस्ता ओलांडायला लागली. एक ट्रक तिच्यासाठी थांबला, त्याला तिने हात करून थांबवूनच ठेवलं. मी दारात उभी राहून बघत होते. ती चांगलीच लंगडत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.